किनारा सहल (मुंबई बंदर)

क्रूझ जहाज एखाद्या बंदरात थांबलेले असताना प्रवाशांनी उतरून त्या शहरात किंवा परिसरात केलेल्या मर्यादित वेळेच्या पर्यटनास किनारा सहल असे म्हणतात. ही सहल काही तासांची असते आणि जहाज सुटण्यापूर्वी प्रवाशाला धक्क्यावर परत यावे लागते. इतर पर्यटनात स्थळ आधी ठरते आणि त्यानुसार वेळ काढला जातो. किनारा सहलीत वेळ आधीच ठरलेला असतो व त्यात बसणारे स्थळ निवडावे लागते. महाराष्ट्रात क्रूझ प्रवाशांची प्रमुख ये-जा मुंबई बंदरातील बॅलार्ड पिअर येथून होते. त्यामुळे राज्यातील किनारा सहलींचा विचार प्रामुख्याने या धक्क्यापासूनची अंतरे आणि तेथे मिळणारा वेळ यांभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

करमणुकीसाठी समुद्रप्रवास आणि त्यात वाटेतील बंदरांवर आखीव सहली ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. हॅम्बुर्ग–अमेरिका लाइन या जर्मन कंपनीच्या ऑगुस्टा व्हिक्टोरिया या जहाजाची १८९१ मधील भूमध्य समुद्राची फेरी ही आधुनिक क्रूझ पर्यटनाची सुरुवात मानली जाते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी कमी मिळत. रिकाम्या जहाजाला काम देण्यासाठी कंपनीचे संचालक आल्बर्ट बालिन यांनी ही युक्ती काढली. या फेरीत बंदरांवरच्या सहली कार्यक्रमाचा भाग होत्या. त्याआधी १८७२–७३ मध्ये टॉमस कुक यांनी काढलेल्या पहिल्या जगप्रदक्षिणा सहलीत भारताचा समावेश होता, तर कुक यांच्या कंपनीचे मुंबईतील कार्यालय १८८१ मध्ये सुरू झाले.

मुंबईत मात्र बोटीतून उतरणारा प्रवासी दीर्घकाळ पर्यटक नव्हता. तो अधिकारी, सैनिक, व्यापारी किंवा विद्यार्थी असे आणि त्याला पुढे जायचे असे. बॅलार्ड पिअरवर टपालबोट लागली की तेथील मोल स्थानकावरून थेट उत्तर भारताकडे आगगाडी सुटे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात अशा बोटींच्या वेळेला जोडलेली होती. धक्क्यामागचा बॅलार्ड इस्टेट हा भाग १९१४ ते १९१८ या काळात वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकारही विटेटच. या वास्तूची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. आज किनारा सहलीच्या बसमधून दिसणारे दक्षिण मुंबईचे बरेचसे रूप या बंदरी काळातच घडलेले आहे.

जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेले जाते, या पद्धतीला क्रूझ व्यवसायात टेंडर म्हणतात. कोकणी माणसाला ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट कोकणातील अनेक बंदरांपासून दूर उभी राही आणि चाकरमानी ट्रंका, वळकट्यांसह पडावात उतरून किनारा गाठत. समुद्र खवळला तर उतरणे रद्द होई, हा नियमही तेव्हापासूनचाच आहे.

मुंबई हे क्रूझ बंदर

मुंबई बंदर न्यासाची स्थापना १८७३ मध्ये झाली. महाबंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१ नुसार त्याचे रूपांतर मुंबई बंदर प्राधिकरणात झाले. येथे दोन प्रकारची क्रूझ जहाजे येतात. पहिल्या प्रकारात जगप्रदक्षिणेला किंवा दुबई, कोलंबो, सिंगापूर अशा मार्गांवर निघालेली परदेशी जहाजे मोडतात. त्यांच्यासाठी मुंबई हा वाटेतील थांबा असतो. दुसऱ्या प्रकारात मुंबईतूनच सुटून मुंबईतच परतणारी जहाजे येतात. मुंबई–गोवा मार्गावरील आंग्रिया ही बोट ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. जलेश क्रूझेसचे कर्णिका हे जहाज २०१९ मध्ये आले आणि कंपनी २०२० मध्ये बंद पडली. कॉर्डेलिया क्रूझेसची सेवा सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. पहिल्या प्रकारात परदेशी पाहुणा मुंबईत सहलीला उतरतो, तर दुसऱ्यात महाराष्ट्रातील प्रवासी गोवा, कोची किंवा लक्षद्वीप येथे सहलीला उतरतो. नियोजनाची तत्त्वे दोघांनाही सारखीच लागू पडतात.

केंद्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून क्रूझ भारत मिशनची घोषणा केली. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला १० लाख प्रवाशांची हाताळणी करता येईल, अशी त्याची आखणी आहे. टर्मिनल मोठे झाल्याने तपासणीच्या रांगांत जाणारा वेळ कमी होतो. किनारा सहलीच्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व हेच.

हंगाम साधारण ऑक्टोबर–नोव्हेंबर ते एप्रिल–मे असा असतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत अरबी समुद्र खवळलेला असल्याने क्रूझ वाहतूक जवळपास थांबते.

वेळेचे गणित

किनारा सहलीचे नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे केले जाते. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी जहाजावर परतण्याची वेळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परतण्याची वेळ सामान्यतः सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती धरून मागे मोजत जावे लागते.

समजा, जहाज सकाळी ७ वाजता धक्क्याला लागले आणि संध्याकाळी ६ वाजता सुटणार आहे. कागदावर हा अकरा तासांचा थांबा दिसतो. परंतु जहाज बांधणे, बंदर व आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, पारपत्रांची तपासणी आणि उतरण्याची रांग यांत सकाळचा तास-दीड तास जातो. परतण्याची वेळ ५ वाजता असेल, तर शहाण्या प्रवाशाने ४ वाजता बंदराच्या फाटकाशी असावे. हाती उरतात सुमारे साडेसात तास. त्यातून जेवण, वाहनाची वाट पाहणे आणि वाहतुकीची कोंडी वजा केल्यास प्रत्यक्ष पाहण्यासाठी चार-पाच तास मिळतात. अकरा तासांच्या थांब्याचे हे निव्वळ उत्पन्न होय.

घड्याळाचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्यामुळे खरोखर जहाजे चुकतात. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबईहून येणाऱ्या प्रवाशासाठी हा फरक दीड तासाचा असतो आणि ‘दीड’मधला अर्धा तास परदेशी पाहुण्यांच्या सहज लक्षात राहत नाही. काही जहाजे स्थानिक वेळ न पाळता स्वतःची ‘जहाजवेळ’ पाळतात, तर प्रवाशाच्या खिशातील मोबाइल किनाऱ्यावरील वेळ आपोआप घेतो. उतरताना जहाजाच्या दारावर लावलेली परतीची वेळ कोणत्या घड्याळानुसार आहे, हे पाहून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बंदरातील औपचारिकता

बंदर हे प्रतिबंधित क्षेत्र असते. आंतरराष्ट्रीय जहाज व बंदर सुरक्षा संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे आणि तिच्यामुळे धक्क्यावर मोकळेपणी चालत फिरता येत नाही. मुंबई बंदराची फाटके ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट अशा रंगांच्या नावांनी ओळखली जातात. टॅक्सीचालकाला बंदराचे नुसते नाव सांगितले तर तो प्रवाशाला काही किलोमीटर दूरच्या फाटकाशी नेऊन सोडू शकतो, कारण बंदराची हद्द शहराच्या पूर्व किनाऱ्याने लांबवर पसरलेली आहे. फाटकाचे नाव लिहून जवळ ठेवणे हा यावरचा साधा उपाय.

परदेशी प्रवाशांना भारतात उतरण्यासाठी व्हिसा लागतो. ई-व्हिसा स्वीकारणाऱ्या सागरी बंदरांत मुंबईसह मार्मागोवा, न्यू मंगळूर, कोचीन व चेन्नई यांचा समावेश आहे. जहाज मुंबई, कोची, कोलंबो आणि पुन्हा एखादे भारतीय बंदर असे फिरणार असेल, तर प्रवासी दोनदा भारतात प्रवेश करतो. व्हिसा त्यानुसार एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असावा लागतो. जहाजाचे भारतातील पहिले बंदर मुंबई असल्यास तपासणीला अधिक वेळ लागतो, पुढच्या भारतीय बंदरात तुलनेने कमी.

मुंबईतील प्रचलित सहली

सर्वाधिक प्रचलित सहल शहरदर्शनाची. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, मलबार टेकडी, मणिभवन आणि महालक्ष्मीचा धोबीघाट असा तिचा नेहमीचा क्रम असतो. टर्मिनसची इमारत २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये त्या यादीत समाविष्ट झाला. बॅलार्ड पिअरपासून ही दोन्ही स्थळे इतकी जवळ आहेत की त्यांसाठी बसची गरजही भासू नये. तरीही सहलींच्या जाहिरातींत पायी फेरीला दुय्यम स्थान मिळते. वास्तविक तीन-चार तासांत मुंबई समजून घेण्यासाठी बॅलार्ड इस्टेट, फोर्ट आणि काळा घोडा या भागांतून चालण्याइतका सोयीचा मार्ग दुसरा नाही, आणि त्यात वाहतूक कोंडीची धास्तीही नसते.

चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांचे डबे उतरवण्याचे व लावण्याचे काम साधारण सकाळी साडेअकराच्या सुमारास चालते. ते पाहायचे असेल तर बाकीचा सर्व कार्यक्रम या वेळेभोवती बसवावा लागतो. रविवारी हे काम बंद असते. धोबीघाट आणि धारावी येथील सहलींबाबत मतभेद आहेत. लोकांचे रोजचे काम व राहती घरे पाहण्याच्या वस्तू ठरतात, असा एक आक्षेप आहे. वस्तीतील उद्योग दाखवल्याने शहराचे खरे अर्थकारण कळते, असे दुसरे मत. पुलावर पाच मिनिटे थांबून छायाचित्रे घेण्याने यांतील पहिला आक्षेप खरा ठरतो. गल्लीत जाऊन काम करणाऱ्यांशी बोलण्याला अधिक वेळ लागतो, आणि तोच किनारा सहलीत नसतो.

घारापुरी (एलिफंटा)

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात असून गेटवेहून लाँचने सुमारे एक तास लागतो. जाण्याचा व येण्याचा एकेक तास, लाँच भरण्याची वाट, जेट्टीपासून पायथ्यापर्यंतची छोटी आगगाडी किंवा पायपीट, त्यानंतरच्या शंभराहून अधिक पायऱ्या आणि लेण्यांतील तासभर, असे मिळून साडेचार ते पाच तास लागतात. वर काढलेल्या गणितानुसार एका दिवसाच्या थांब्यात घारापुरी बसते, पण तिच्यासोबत दुसरे काही ठेवू नये. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांसाठी डोलीची सोय आहे.

सोमवारी ही लेणी बंद असतात. जहाजाचे वेळापत्रक खूप आधी जाहीर होत असल्याने थांब्याचा वार पाहणे सोपे असते, तरीही चूक होते ती येथेच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी हा पर्याय सुचतो खरा, पण ते उद्यानही सोमवारीच बंद असते. सोमवारच्या जहाजाला शहरदर्शनावर समाधान मानावे लागते.

मुंबईच्या बंदरात मालवाहू जहाजे, नौदलाच्या नौका, मासेमारी होड्या आणि प्रवासी लाँच एकाच पाण्यातून ये-जा करतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटच्या वापरावर भर देण्यात आला. सहल ठरवताना लाँचची क्षमता, चढलेल्या प्रवाशांची संख्या आणि जॅकेटची उपलब्धता पाहणे हे वेळेइतकेच महत्त्वाचे आहे.

बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या वस्त्यांना २०१८ मध्ये कायमस्वरूपी वीज मिळाली. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही. त्यामुळे पायऱ्यांच्या दुतर्फा असलेली दुकाने आणि जेवणाची ठिकाणे यांचा धंदा दिवसाच्या लाँचवर अवलंबून असतो. भरपेट न्याहारी करून आलेला आणि परतीची घाई असलेला क्रूझ प्रवासी येथे फारसा खर्च करीत नाही. क्रूझ पर्यटनाचा पैसा स्थानिकांपर्यंत किती पोहोचतो, या जगभर चालणाऱ्या वादाचे हे छोटेसे रूप होय.

पोहोचीची मर्यादा: कान्हेरी ते लासलगाव

बॅलार्ड पिअर शहराच्या दक्षिण टोकाला आहे. सकाळी कार्यालयांकडे जाणारी गर्दी परंपरेने दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. सहलीच्या बस नेमक्या उलट्या दिशेने जातात. शहराचा कारभार उपनगरांकडे सरकला असला तरी हा फायदा अजून काही अंशी मिळतो. सुमारे ४० किलोमीटरवरील कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी म्हणूनच एका दिवसात आरामात होतात. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह सुमारे १०० किलोमीटरवर आहे. ते वेळेत बसते, पण घाटातील एक बिघडलेला ट्रक सारा हिशेब उलटवू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे बंदराकडून घाटाकडे जाणे सोपे झाले, घाट मात्र आहे तिथेच आहे.

नाशिक सुमारे १६५ ते १७० किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने कसारा घाटातील वेळ वाचतो. तरीही जाऊन-येऊन सहा-सात तास लागतात आणि पाहण्यासाठी जेमतेम तास उरतो. त्यापुढे निफाड तालुक्यातील लासलगाव आणखी सुमारे ६० किलोमीटर. कांद्याच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक म्हणून हे गाव देशभर ओळखले जाते. क्रूझचा हंगाम आणि येथील लाल व रांगडा कांद्याचा हंगाम बऱ्याच अंशी एकाच वेळी येतो. ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाची बोली आणि दर्जानुसार पडणारे भाव हे दृश्य कोणत्याही परदेशी पाहुण्याला धोबीघाटापेक्षा अधिक काही शिकवील. पण साडेसात तासांत ते बसत नाही. नुसत्या जाण्या-येण्यालाच नऊ-दहा तास हवेत.

लासलगावचा माल मात्र समुद्र गाठतो. नाशिक पट्ट्यातील कांदा न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनरने परदेशी जातो. उलट दिशेने, कोकणचा हापूस २००७ पासून घाट चढून लासलगावला येऊ लागला, कारण अमेरिकेला आंबा पाठवण्यापूर्वी त्यावर करावी लागणारी विकिरण प्रक्रिया भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात होत असे. मालाला परतीची वेळ नसते, प्रवाशाला असते.

जहाज दोन दिवस थांबणार असल्यास नाशिकला मुक्काम करून सकाळचा लिलाव पाहता येतो. अशा वेळी क्रूझ कंपन्या ‘ओव्हरलँड’ सहली काढतात. मुंबईला जहाज सोडून विमानाने आग्रा किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे आणि मुंबईत अथवा पुढच्या बंदरात जहाजावर परतायचे, अशी त्यांची रचना असते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे अशा आखणीत विसरून चालत नाही. बंदरापासून दूरचे ठिकाण गाठण्याची धडपड जगात सर्वत्र आढळते. रोमला जाणारे क्रूझ प्रवासी सुमारे ७० किलोमीटरवरील चिविताव्हेक्किया येथे उतरतात. फरक एवढाच की तेथून रोमला नियमित आगगाडी आहे आणि मध्ये घाट नाही.

कंपनीची सहल की स्वतंत्र सहल

कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग असते. तिचा मुख्य लाभ म्हणजे बसला उशीर झाल्यास जहाज सामान्यतः थांबते किंवा प्रवाशांना पुढील बंदरात पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. जहाजाने बंदरच वगळले तर पैसे परत मिळतात. स्वतंत्रपणे टॅक्सी वा मार्गदर्शक ठरवल्यास खर्च कमी येतो, गट लहान राहतो, हवे तेथे रेंगाळता येते. पण उशिराचा धोका पूर्णपणे प्रवाशाचा. दोघा-चौघांनी फोर्ट परिसरात फिरायचे असल्यास स्वतंत्र सहल निःसंशय बरी. घाट ओलांडायचा असल्यास कंपनीची सहल घेणे शहाणपणाचे. पर्यटन मंत्रालयाचे ओळखपत्र असलेला मार्गदर्शक दोन्ही प्रसंगी घ्यावा.

जहाज चुकल्यास

मुंबईत जहाज चुकलेल्या प्रवाशाने प्रथम जहाजाच्या बंदरातील एजंटाशी संपर्क साधायचा असतो. एजंटाचा दूरध्वनी क्रमांक जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या पत्रकात छापलेला असतो. पुढचे बंदर मार्मागोवा असेल तर प्रश्न सुटण्याजोगा आहे. मुंबईहून मडगावपर्यंत कोकण रेल्वेने जाता येते आणि मडगावहून वास्को जवळच आहे. पुढचे बंदर कोलंबो किंवा सलाला असेल, तर विमानाचे तिकीट, त्या देशाचा व्हिसा आणि पारपत्र या तिन्ही गोष्टी एकदम लागतात. खर्च प्रवाशालाच करावा लागतो. म्हणून पारपत्राची प्रत, बँकेचे कार्ड आणि नेहमीची औषधे उतरताना जवळ बाळगण्याची प्रथा आहे.

मुंबईतून सुटणाऱ्या जहाजांवरील प्रवासी

राज्यातील प्रवाशांसाठी धोका प्रवासाच्या पहिल्याच दिवशी सुरू होतो. जहाजावर चढण्याची तपासणी जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. लासलगाव भुसावळ–कल्याण लोहमार्गावर असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. टर्मिनसहून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांचे. तरी त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबण्यापेक्षा आदल्या रात्री मुंबईत मुक्कामाला येणे सुरक्षित ठरते.

गोव्यात मार्मागोव्याहून जुने गोवे सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पणजीतील फोंतेन्यास भागासह ती सहल अर्ध्या दिवसात होते. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि तेथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नसल्याने प्रवासी लहान बोटींनी उतरवले जातात. वारा वाढला तर कप्तान उतरणे रद्द करतो, आणि बेट समोर दिसत असताना प्रवाशांना दिवस डेकवरच काढावा लागतो.